हॉर्मोनच्या गोळीने धरलेले सांधे आणि अ‍ॅक्युपंक्चर: ठाणे-नवी मुंबईत सुरुवात कशी करावी

स्तनाच्या कॅन्सरचं केमो संपतं, रेडिएशन संपतं, डोक्यावर केस परत दिसायला लागतात, घरचे जरा निर्धास्त होतात, आणि नेमकं तेव्हाच हे दुखणं सुरू होतं. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. पलंगावरून उतरून चार पावलं टाकेपर्यंत गुडघे साथ देत नाहीत. कुकरचं झाकण, बाटलीचं बूच, रिक्षात चढताना धरायचा दांडा, सगळ्यांशी नव्याने झटापट. बाई पन्नाशी-साठीतली असली की आजूबाजूचे एकमुखाने सांगतात, "वय झालं आता." वय असतंही कधी. पण बऱ्याचदा कारण असते ती रात्री जेवल्यावर घ्यायची, हॉर्मोन रोखणारी छोटीशी गोळी.

मी ठाण्यात राहते, लेट्रोझोल नावाची अशीच गोळी घेते आणि सांध्यांसाठी सुया टोचून घेतल्या आहेत. डॉक्टर नाही. पुढे लिहिलंय ते पहिल्यांदाच अ‍ॅक्युपंक्चरचा विचार करणाऱ्यांसाठी, कुठून सुरुवात करायची हे कळावं म्हणून. माझं मत आधीच सांगून टाकते: सुया टोचून घ्यायच्या त्या गोळी चालू ठेवता यावी म्हणून. गोळीच्या जागी सुया, असा सौदा कोणी सुचवला तर तिथून उठून यायचं.

पहिली पायरी: दुखणं कशाचं आहे ते ठरू द्या

स्तनाच्या गाठीच्या रिपोर्टमध्ये 'ईआर पॉझिटिव्ह' लिहिलेलं असतं, म्हणजे त्या पेशी इस्ट्रोजेनवर पोसल्या जातात. पाळी गेल्यावर बीजकोशांतून इस्ट्रोजेन येणं थांबतं, तरी शरीरातल्या चरबीत आणि इतर ठिकाणी अरोमाटेज नावाचं एक विकर (एन्झाइम) थोडंथोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. अ‍ॅनास्ट्रोझोल, लेट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या गोळ्या ते विकर बंद पाडतात. कॅन्सर परत येऊ नये यासाठी त्यांचा मोठा आधार असतो आणि त्या साधारण पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त काळ घ्याव्या लागतात. इस्ट्रोजेन जवळपास शून्यावर आलं की सांधे कुरकुरतात. या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायका कमी-अधिक सांधेदुखी सांगतात, आणि गोळी मध्येच सोडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

या दुखण्याची एक ठेवण असते. दोन्ही बाजूंना सारखं दुखतं. बोटं, मनगटं, गुडघे, पावलं जास्त धरतात. सकाळी किंवा बराच वेळ बसून उठल्यावर सांधे आखडलेले असतात, हालचाल झाली की सैल होतात. सुरुवात बहुधा गोळी चालू केल्यानंतरच्या काही आठवड्यांत ते काही महिन्यांत होते. काहींचं बोट वाकलेलंच अडकतं, काहींना रात्री हाताला मुंग्या येतात. पॅक्लिटॅक्सेलच्या केमोनंतर दोन-तीन दिवसांनी येणारी अंगदुखी वेगळी, ती काही दिवसांत ओसरते. तळपाय बधिर होणं हेही वेगळं, ते नसांचं.

आता या ठेवणीत जे बसत नाही ते बघा. एकाच हाडात, विशेषतः पाठीच्या कण्यात, कमरेत, खुब्यात किंवा बरगडीत दुखतंय, दिवसागणिक वाढतंय, पडून राहिलं तरी थांबत नाही, झोपेतून उठवतं, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून आधी ऑन्कोलॉजिस्टना दाखवायचं. ते हाडांची तपासणी सांगतील आणि ती झाल्याशिवाय दुखणं दाबायचं नाही. पाठदुखीबरोबर पायात जोर राहत नसेल, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघत बसायचं नाही. एखादाच सांधा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप, हेही सुईचं काम नाही.

दुसरी पायरी: ऑन्कोलॉजिस्टशी बोला, आणि लिहून घ्या

परळला टाटाला जा, खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला जा नाहीतर घराजवळच्या खासगी डॉक्टरांकडे, ओपीडीत आपल्या वाट्याला मिनिटंच येतात. डॉक्टर "कसं आहे?" विचारतात, आपण सवयीने "बरं आहे" म्हणतो आणि बाहेर आल्यावर गुडघा आठवतो. म्हणून एका कागदावर लिहून न्या: कुठे दुखतं, कधीपासून, शून्य ते दहामध्ये किती, आणि त्यामुळे काय करता येत नाही. "पोळ्या लाटता येत नाहीत, जिना चढताना थांबावं लागतं" हे वाक्य डॉक्टरांना "फार दुखतं"पेक्षा जास्त सांगतं. गोळी मधूनमधून चुकवत असाल तर तेही सांगा. लपवलंत तर ते चुकीच्या हिशेबावर पुढचं ठरवतील.

त्यांना विचारायच्या गोष्टी अशा. ड जीवनसत्त्व तपासायचंय का? या गोळ्यांनी हाडांची घनता कमी होते, तर डेक्सा स्कॅन कधी करायचा? तीनपैकी दुसरी गोळी देऊन बघता येईल का? (एकीने त्रास होतो आणि दुसरी सोसते, असं खरंच होतं.) काही जणींना डॉक्टर दोन-चार आठवडे गोळी थांबवून दुखणं तिचंच आहे का ते पाहतात, काहींना टॅमॉक्सिफेन या वेगळ्या प्रकारच्या हॉर्मोनच्या गोळीवर नेतात, काहींना ड्युलोक्सेटिन हे दुखणं कमी करणारं औषध देतात. ही सगळी त्यांची ठरवायची कामं आहेत.

मग सुयांचं विचारा. अ‍ॅक्युपंक्चरला हरकत आहे का, हे विचारताना तुमच्या बाबतीतल्या चार गोष्टी पुढे ठेवा: रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी आहेत का, काखेतल्या गाठी कोणत्या बाजूच्या काढल्या आहेत, आणि केमो पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) किंवा पेसमेकर आहे का. हरकत नसेल तर फाइलवर तसं एका ओळीत लिहून मागा. काही डॉक्टर खांदे उडवतील, "करून बघा" म्हणतील. तेवढं पुरे आहे. एखाद्यांनी ही अंधश्रद्धा म्हणून उडवून लावलीच तर नम्रपणे सांगता येईल की २०२२ मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी आणि सोसायटी फॉर इंटिग्रेटिव्ह ऑन्कोलॉजी यांनी मिळून काढलेल्या वेदनेवरच्या मार्गदर्शक सूचनांत नेमक्या याच सांधेदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चरची शिफारस आहे.

तिसरी पायरी: अपेक्षा किती ठेवायची

यावरची सगळ्यात मोठी म्हणून ओळखली जाणारी चाचणी अमेरिकेत ११ केंद्रांवर झाली आणि २०१८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. २२६ बायका होत्या, सगळ्या याच गोळ्या घेणाऱ्या आणि सांधे दुखणाऱ्या. एका गटाला खऱ्या सुया टोचल्या. दुसऱ्याला लटक्या, म्हणजे नेमक्या बिंदूंवर न टोचता, वरवर. तिसऱ्याला तूर्त काहीच नाही, नुसतं थांबायला सांगितलं. सहा आठवड्यांनी शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर, आठवड्यातल्या सर्वांत वाईट दुखण्याचा आकडा खऱ्या सुयांच्या गटात सरासरी सुमारे दोनाने उतरला. बाकी दोन्ही गटांत सुमारे एकाने. बावन्न आठवड्यांनंतर पाहिलं तेव्हाही खऱ्या गटाची सरशी टिकून होती.

म्हणजे फरक आहे, पण तो सरासरी एका गुणाचा. चाचणी करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलं की हा फरक प्रत्यक्ष जगण्यात किती मोठा मानायचा ते स्पष्ट नाही. त्याआधीच्या एका लहान अभ्यासात खऱ्या आणि लटक्या सुयांत फरकच दिसला नव्हता. मी हे अशासाठी सांगतेय की क्लिनिकच्या बोर्डावर "सांधेदुखीपासून कायमची मुक्ती" वाचून गेलात तर निराश होऊन परत याल. सातावरून पाचावर आलेलं दुखणं रात्री झोपू देतं, डबा उघडू देतं. लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसू देईलच असं नाही. माझ्या मते तेवढ्यासाठी सुया सोसायला हरकत नाही, कारण पाचावर असलेली बाई गोळी सोडत नाही.

चौथी पायरी: टोचणारा माणूस शोधणं

महाराष्ट्र हे या बाबतीत इतरांच्या पुढे असलेलं राज्य. इथे अ‍ॅक्युपंक्चर उपचारपद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषद आहे. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र मान्यता दिली. जाता जाता: १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून आले आणि भारतात तिची सुरुवात त्यांच्यापासून मानतात. तेव्हा "हे चिनी काहीतरी नवंच खूळ" म्हणणाऱ्या सासूबाईंना कोटणिसांचं नाव सांगून गप्प करता येतं.

फोनवरच परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, खरा नोंदणीकृत माणूस तो लगेच सांगतो. मग पुढचं: कॅन्सरचे उपचार झालेल्या बायकांना पूर्वी टोचलंय का? अरोमाटेज रोखणारी गोळी म्हणजे काय ते ठाऊक आहे का? सुया एकदाच वापरून टाकता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो, प्रत्येक वेळी नवीन, सीलबंद" याशिवाय काहीही आलं तर फोन ठेवा. "तुमच्या सुया तुमच्याच नावाच्या डबीत ठेवू, उकळून घेऊ" हे चालणार नाही.

ठाण्यात, वाशीत, नेरुळमध्ये बऱ्याच पाट्यांवर अ‍ॅक्युप्रेशर आणि अ‍ॅक्युपंक्चर शेजारी शेजारी लिहिलेलं असतं. अ‍ॅक्युप्रेशरमध्ये नुसतं दाबतात. वर सांगितलेली चाचणी सुयांची आहे, तेव्हा तुम्हाला काय करणार ते विचारून घ्या. गरम वाट्या लावणं, मॉक्साचा (जाळून शेक द्यायच्या वनस्पतीचा) धूर, सुयांना बारीक करंट जोडणं हेही काही जण करतात. पेसमेकर असेल तर करंट नको. रेडिएशन झालेल्या त्वचेवर आणि सूज येणाऱ्या हातावर वाट्या आणि उष्णता नको.

काही वाक्यं ऐकली की उठायचं. "ही इंग्रजी गोळी बंद करा, सगळा त्रास तिचाच आहे." "आम्ही कॅन्सर मुळापासून काढतो." "पन्नास सिटिंगचे पैसे आजच भरा, सूट आहे." आणि त्याबरोबर लेबल नसलेली पुडी हातात आली तर ती घेऊच नका. सांधेदुखीच्या चूर्णांत स्टिरॉइडची भेसळ सापडलेली आहे. पहिले काही दिवस जादू वाटते, मग साखर आणि रक्तदाब वाढून बसतो, हाडं आणखी पोकळ होतात. काही वनस्पतींत इस्ट्रोजेनसारखे गुण असतात. कुठलाही काढा सुरू करण्याआधी ऑन्कोलॉजिस्टना त्याचं नाव सांगा.

मेडिक्लेमचा भरवसा धरू नका. ओपीडीतले उपचार बऱ्याच पॉलिसींत येत नाहीत, आणि 'आयुष'चं कलम असलं तरी आयुषच्या पद्धतींत अ‍ॅक्युपंक्चरचा समावेश नाही.

पाचवी पायरी: अंतराचा हिशेब

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते इथेच बहुतेकींचं गाडं अडतं. त्या चाचणीत पहिले सहा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे सहा आठवडे एकदा, अशा अठरा सिटिंग होत्या. एका सिटिंगची फी विचारा, अठराने गुणा, त्यात रिक्षा-बसचे पैसे मिळवा आणि मग ठरवा. महिन्यातून एकदा जाऊन "काही उपयोग झाला नाही" म्हणणं म्हणजे पथ्य न पाळता औषधाला नावं ठेवणं.

दुखऱ्या गुडघ्यांनी आठवड्यातून दोनदा दूर जाणं होत नाही. तेव्हा नावाजलेला पण लांबचा माणूस आणि साधा, नोंदणीकृत, पंधरा मिनिटांवरचा माणूस यांत जवळचा निवडा. ऐरोलीतल्या बाईने दादर गाठू नये आणि घोडबंदर रोडवरच्या बाईने संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये नौपाड्यातली वेळ घेऊ नये. ठाण्याहून नवी मुंबईत जायचं असेल तर ट्रान्स-हार्बरच्या गाड्या नऊ-दहा नंबरवर लागतात, म्हणजे पश्चिमेकडून येणारीला अख्खा पूल ओलांडायचा. सरकता जिना कुठे आहे ते आधी बघून ठेवा. अकरा ते चारच्या मधली वेळ मागा, बसायला जागा मिळते. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यातून कॅन्सर रुग्णांनाही प्रवास करता येतो, दाखल्याची प्रत पर्समध्ये असू द्या. खारघरमध्ये आतल्या सेक्टरांत राहत असाल तर बेलापूर-पेंधर मेट्रो गुडघ्यांना बसपेक्षा बरी.

क्लिनिक तळमजल्यावर आहे का किंवा लिफ्ट आहे का, हेही फोनवरच विचारा. नवी मुंबईच्या जुन्या सेक्टरांत लिफ्ट नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत.

सहावी पायरी: पहिली सिटिंग

उपाशीपोटी जाऊ नका. पोहे, उपमा, चपाती-भाजी, काहीतरी खाऊन जा. रिकाम्या पोटी सुया टोचल्या की काही जणींना चक्कर येते. सैल कपडे घाला, बाही कोपरापर्यंत आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर गेली पाहिजे. अंगठ्या-बांगड्या घरी ठेवा. बरोबर फाइल, चालू गोळ्यांची यादी आणि शेवटचा रक्ताचा रिपोर्ट.

आत गेल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "माझ्या या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, या हातावर सुया नकोत." हात दाखवून बोला. त्या हाताला सूज येण्याचा आणि संसर्गाचा धोका असतो, म्हणून रक्तदाबसुद्धा दुसऱ्या हातावर घ्या असं आपल्याला सांगितलेलं असतं. सुयांनाही तोच नियम लावा. दुखतो तोच हात नेमका तो असला तरी अडत नाही, जाणकार माणूस दुसरा हात, पाय आणि कान यांवरचे बिंदू वापरून काम करतो. ऑपरेशन झालेली छाती, इम्प्लांट आणि पोर्टच्या आजूबाजूची जागाही वर्ज्य. छातीत आणि पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते. असं फार क्वचित होतं, पण नंतर धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली तर थेट हॉस्पिटलमध्ये जायचं.

सुया बघून धसका घेऊ नका, त्या इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नसतात, केसासारख्या बारीक आणि भरीव असतात. पाकीट तुमच्यासमोर फोडलं जातंय का ते बघा. टोचताना बारीक चावा जाणवतो, मग त्या जागी जडपणा, ठणका किंवा हलकी झिणझिण. हा जडपणा त्यांना हवाच असतो. पण वीज चमकल्यासारखी सणक गेली तर लगेच सांगा. सुया लावून वीस-तीस मिनिटं पडून राहायचं असतं. एसीचा झोत थेट सांध्यांवर येत असेल तर चादर मागून घ्या. उठायच्या आधी सुया काढताना मनात मोजा, जितक्या लावल्या तितक्या निघायला हव्यात. काढलेल्या सुया पांढऱ्या, अर्धपारदर्शक, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायच्या हा जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांचा भाग आहे. त्या साध्या केराच्या बादलीत गेल्या तर त्या क्लिनिकची बाकी स्वच्छताही तशीच समजा.

निळे डाग पडतात. त्या चाचणीत खऱ्या सुयांच्या गटातल्या जवळजवळ निम्म्या बायकांना पडले होते. घाबरण्यासारखं काही नाही, आठवड्याभरात जातात. टोचलेली जागा लाल, गरम झाली, पू दिसला किंवा ताप आला तर मात्र ऑन्कोलॉजिस्टना कळवा. त्या दिवशी संध्याकाळी काहींना सुस्ती येते, काहींचं दुखणं एक दिवस वाढतं. घरी येऊन लगेच कणीक मळायला बसू नका.

सातवी पायरी: वही

दर रविवारी एकच आकडा लिहा: गेल्या आठवड्यातलं सर्वांत वाईट दुखणं, दहापैकी किती. शेजारी एखादी ठरावीक गोष्ट, मूठ पूर्ण वळते का किंवा एक जिना न थांबता चढता येतो का. गोळी किती दिवस चुकली तेही. बस. रोज लिहायला गेलात तर दुखण्यावरच लक्ष राहतं.

सहा आठवड्यांनी वही उघडा. आकडा दोनाने उतरला असेल तर आठवड्यातून एकदावर या आणि बारा आठवडे पूर्ण करा. तसूभरही हलला नसेल तर "अजून दहा सिटिंगनी फरक पडेल" या आश्वासनाला भुलू नका, पैसे वाचवा.

सुयांबरोबर चालणं सोडू नका, किंबहुना पैसे नसतील तर चालण्यापासूनच सुरुवात करा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२१ बायकांच्या एका अभ्यासात आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा वजनं उचलून ताकदीचा व्यायाम, असं वर्षभर करणाऱ्यांचं सर्वांत वाईट दुखणं जवळपास तीस टक्क्यांनी उतरलं. हा खर्च जवळजवळ शून्य. तलावपाळीला किंवा उपवनला सपाट रस्ता आहे, खारघरला सेंट्रल पार्क, नेरुळला ज्वेल ऑफ नवी मुंबई, वाशीला सागर विहार. पहिली दहा मिनिटं सांधे शिव्या घालतात, मग सैल होतात. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारा. वजनं कशी उचलायची ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या, विशेषतः हाताला सूज येत असेल तर.

बारा आठवडे झाल्यावर पुढच्या फॉलोअपला ती वही घेऊन जा. फरक पडला असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी एखादी सिटिंग घ्यायची का, ते टोचणाऱ्याशी ठरवता येईल. पडला नसेल तर ऑन्कोलॉजिस्टसमोर वहीची पानं ठेवून विचारा, "आता गोळी बदलून बघायची का?" तोपर्यंत जी चालू आहे ती रात्री जेवल्यावर घेत राहा.